आधी मॅडम खातील

"मॅडम, तुमचं ताट कुठाय?"

प्रगतीनं विचारलं तेव्हा धुरपदाबाई शेवटच्या पोरांना भात वाढत होत्या. शाळेच्या व्हरांड्यात पोरं दोन ओळींत समोरासमोर बसली होती. श्लोक म्हणून झाला होता. हमीदा मॅडम रोजच्या जागी, प्रगतीच्या शेजारी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. फक्त त्यांच्यापुढं ताट नव्हतं.

"आज माझा उपास आहे गं. रोजा."

"काल व्हता?"

"काल नव्हता. आजपासून महिनाभर."

"मंग ह्यो भात कुणी खाल्ला?"

"धुरपदाबाईंनी चव बघितलीय. चांगला झालाय. खा तू."

प्रगतीनं ताटलीकडं बघितलं. मग मॅडमच्या रिकाम्या हाताकडं बघितलं. आणि दोन बोटांनी ताटली पुढं सरकवून दिली.

तिच्या पलीकडं सुरज बसला होता. त्याचा घास तोंडाशी गेला होता, तो तिथंच थांबला. "काय झालं गं?"

"मॅडमनी न्हाई खाल्लं."

"का?"

"मला काय म्हाईत."

सुरजनं घास ताटलीत ठेवला आणि शेजारच्याच्या कानात सांगितलं. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत भातात पाल पडली होती. समोरच्या ओळीत गेल्यावर पालीला शेपूटही फुटलं. धुरपदाबाई पळी घेऊन मधे उभ्या राहिल्या.

"कुठाय पाल? कुणी बघितली? ही बघा, मी खाते तुमच्यासमोर." त्यांनी पातेल्यातला भात मुठीनं तोंडात घातला.

"तिनंच केलाय, ती खाईलच की," मागून एक जण बोलला.

हमीदा मॅडम उठल्या. त्यांनी पोरांना समजावून सांगितलं. रमजान म्हणजे काय, दिवसभर पाणीही कसं प्यायचं नाही, हे सांगितलं. पोरांनी नीट ऐकून घेतलं. भाताला कुणी हात लावला नाही. घंटा झाली तशी सगळी पोरं नळावर जाऊन पोटभर पाणी प्याली आणि वर्गात बसली.

न्हावऱ्याच्या पुढं, रस्ता सोडून आत गेलं की खोरेवस्ती लागते. तिथली ही पाचवीपर्यंतची शाळा. शिक्षक दोन. हमीदा मॅडम मुख्याध्यापिका आणि दुसरे सत्यजीत सर. शिजलेलं अन्न पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चाखायचं असा सरकारी नियम आहे. तो नियम सगळ्या शाळा पाळतात तसा ही शाळाही पाळायची. धुरपदाबाई पळीभर भात ऑफिसात आणून द्यायच्या, मॅडम किंवा सर चमचा तोंडाला लावायचे. मागच्या वर्षी रमजानमध्ये ते काम सरांनी केलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कारण तेव्हा प्रगती शाळेत नव्हती.

प्रगती दिवाळीनंतर आली. तिचे आजोबा ज्योतिबा तिला घेऊन आले होते. डोक्याला तांबडा पटका, हातात काठी, पायांत जाड वहाणा. घर तिकडं नदीपलीकडं होतं, पण मेंढरं घेऊन ते कांद्याच्या रानांतून फिरत होते आणि उन्हाळा लागेपर्यंत याच शिवारात राहणार होते. "जितके दिवस हाय तितके दिवस शिकवा," ते म्हणाले होते. "पोरगी गुणाची हाय. बोलत न्हाई एवढंच."

पोरगी बोलत नव्हती आणि शाळेतलं जेवतही नव्हती. ताटली घ्यायची, ओळीत बसायची, आणि जेवण संपलं की भरलेली ताटली धुरपदाबाईंच्या पुढं ठेवायची. धुरपदाबाईंना ते लागायचं. "मेंढक्याची पोर आन् नखरा बघा राजवाड्याचा." सत्यजीत सर म्हणायचे, भूक लागली की खाईल. तिनं खाल्लं नाही. दुपारी तिसऱ्या तासाला तिचं डोकं बाकावर टेकायचं.

हमीदा मॅडम एका संध्याकाळी स्कूटी घेऊन मेंढरांच्या वाड्यावर गेल्या. जाळीत मेंढरं कोंडली होती. तीन दगडांच्या चुलीवर आजी, बानूबाई, भाकरी थापत होती. मॅडमना तिनं पोत्यावर बसवलं, पितळीत दूध दिलं, आणि मगच बोलायला सुरुवात केली.

"तिला तुमचं ग्वाड लागत न्हाई आसं न्हाई बाई. तिचा इस्वास उडालाय."

मागच्या साली दौंडच्या बाजूला, भीमेच्या काठानं ते मेंढरं चारत होते. फ्लॉवर काढून झालेलं एक रान होतं. पाला तसाच पडला होता. बांधावर मालक उभा होता. प्रगतीनं त्याला विचारलं, औषध मारलंय का? तो म्हणाला, न्हाई गं पोरी, घाल बिनघोर. पोरीनं मेंढरं आत घातली.

"सांजच्याला तोंडाला फेस. कुठलं धरावं आन् कुठलं सोडावं. हिनं हातानं दूध पाजून वाढवल्यालं एक कोकरू व्हतं, ते हिच्या मांडीवर गेलं. मालक खोटं बोलला का त्याला म्हाईतच नव्हतं, द्येव जाणे. पर हिनं इचारलं व्हतं की वो. इचारून घातली व्हती." बानूबाईनं भाकरी उलटली. "तवापासनं कुणी म्हनलं चांगलं हाय, की ही मागं सरती. घरात बी आधी म्या खाती, मंग ती."

मॅडमनी दूध पिऊन टाकलं. घरी येताना त्या फार काही ठरवत नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात डबा उघडला नाही. ताटली घेतली, ओळीत प्रगतीच्या शेजारी बसल्या, आणि तिच्या ताटलीतला भात आपल्या ताटलीत घेऊन खाल्ला.

पहिले काही दिवस पोरगी नुसती बघत राहिली. भुकेलं लेकरू ताटाकडं बघतं. ही पोरगी मॅडमच्या तोंडाकडं बघायची. मेंढरू पाला खाऊन किती वेळानं पडतं हे तिला माहीत होतं, तेवढा वेळ ती थांबायची. सगळी पोरं उठून खेळायला गेली की गार झालेला भात भराभर खायची. मॅडम तोवर बसून राहायच्या. मग हळूहळू थांबणं कमी झालं. थंडी सरत आली तेव्हा ती मॅडमच्या पहिल्या घासाबरोबर खाऊ लागली होती. बोलूही लागली होती. कुठल्या मेंढीचा कान फाटका आहे, कुठली रात्री खोकते, लांडग्याचा वास कुत्र्याला आधी येतो की मेंढराला. मॅडम ऐकत जेवायच्या.

खरं सांगायचं तर ते जेवण मॅडमचंही झालं होतं. शिरूरला त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा अमजद कारेगावच्या एका कंपनीत फिटर होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा झिशान पुण्याला. रविवारी फोन करायचा. संध्याकाळी घरी आल्यावर मॅडम ताट घ्यायच्या नाहीत. ओट्याशी उभ्या राहून पातेल्यातच खायच्या. एका माणसासाठी कशाला भांडी काढायची.

रमजानचा महिना तेवढा वेगळा जायचा. पहाटे मशिदीतून पुकारा व्हायचा, गल्लीतल्या सगळ्या घरांत एकदम दिवे लागायचे. संध्याकाळी अजान झाली की सगळ्या गल्लीचा हात एकाच वेळी तोंडाकडं जायचा. शेजारची शाहिस्ता भिंतीवरून ताटली द्यायची, भजी, फळं, खजूर. त्या महिन्यात मॅडम एकट्या जेवत असल्या तरी एकट्या जेवत नव्हत्या. रोजा त्यांनी कधी चुकवला नव्हता. अमजद दवाखान्यात होता त्या वर्षीसुद्धा.

पोरं उपाशी राहिली त्या संध्याकाळी कोंडिबा आप्पा मोटारसायकलवरून शाळेत आले. ते शाळा समितीचे अध्यक्ष. खिशातून मोबाईल काढून त्यांनी मॅडमपुढं धरला.

"ग्रुपवर आलंय. भातात पाल."

"पाल नव्हती आप्पा."

"मला ठावं हाय वो. पर लोकं धुरपदाला काढा म्हणत्यात. तिची जागा घ्यायला दोघी टपूनच हायत." त्यांनी आवाज खाली आणला. "सर कवा येणार?"

"पुण्याला प्रशिक्षण आहे. शनिवारपर्यंत नाहीत."

"मंग तुमीच एक घास खाऊन टाका की पोरांम्होरं. त्यात काय एवढं. द्येव काय घासाघासाला बघत बसत न्हाई."

मॅडमनी समोरची वही मिटली. आप्पांना आपण काहीतरी वावगं बोललो असं वाटलं. ते गाडीची किल्ली फिरवत उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या. मी येतो उद्या. मी खातो. माझ्या पोटाला कुणाची बंदी न्हाई."

रात्री शाहिस्ता ताटली परत न्यायला आली तेव्हा मॅडमनी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, मुलांसाठी कुणी रोजा सोडला तर काय.

"आजारी आहेत का मुलं?"

"नाही. जेवत नाहीत."

"भाभी, मुलं दोन दिवस जेवली नाहीत तर तिसऱ्या दिवशी जेवतात. रोजा गेला तो गेला." शाहिस्तानं ताटली पदराला पुसली. "तुम्ही तर सगळ्या गल्लीला सांगता रोज्याचं. तुम्हीच असं विचारता?"

दुसऱ्या दिवशी कोंडिबा आप्पा खरंच आले. टोपी काढून ओळीच्या मधोमध मांडी घालून बसले. त्यांनी एक ताटली खाल्ली, दुसरी मागून घेतली, मटकी अजून वाढ म्हणाले आणि ढेकर दिली. "बघा. हाय का न्हाई जित्ता? पाल असती तर पोटात चुकचुकली असती." लहान पोरं हसली. दोघातिघांनी ताटलीत हातही घातला. पण मग त्यांनी प्रगतीकडं बघितलं.

प्रगती हात मांडीवर ठेवून बसली होती.

"खा की गं," आप्पा म्हणाले.

"तुमी कवा कवा येता," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"मॅडम रोज खात्यात."

पोरांचे हात ताटलीतून बाहेर आले. धुरपदाबाई स्वयंपाकघराच्या दारात खाली बसल्या होत्या, गुडघ्यांत तोंड घालून. पहिलीतला मल्हार भूक लागली म्हणून रडत होता आणि त्याची बहीण त्याचा हात धरून ठेवत होती, त्यानं खाऊ नये म्हणून.

मॅडम ते बघत उभ्या होत्या. पहाटे त्यांनी रोज्याची नियत, म्हणजे संकल्प, केली होती, घोटभर पाणी पिऊन. त्यानंतर काही ठरवलं नव्हतं. प्रगतीनं त्यांच्याकडं वर मान करून बघितलं. त्या नजरेत हट्ट नव्हता, रागही नव्हता. बांधावरच्या माणसाकडं तिनं कदाचित असंच बघितलं असेल. विचारून, वाट बघत.

"धुरपदाबाई, एक ताटली द्या."

धुरपदाबाई उठल्या नाहीत. "मॅडम, नगा."

"द्या."

ताटली आली. मॅडम प्रगतीच्या शेजारी बसल्या. समोरच्या ओळीत अक्रम होता. वस्तीवरच्या एकुलत्या एका मुसलमान घरातला, चौथीतला. त्याची आई त्याला शुक्रवारचा तेवढा रोजा धरू द्यायची. तो हळूच म्हणाला,

"मॅडम, अजून टायम न्हाई झाला."

"ठाऊक आहे बाळा."

त्यांनी प्रगतीच्या ताटलीतला भात घेतला आणि खाल्ला. तोंड कोरडं होतं, घास लवकर उतरेना. उतरला तेव्हा त्यांनी रिकामा हात मांडीवर ठेवला. प्रगती थोडा वेळ थांबली, मग तिनं ताटली पुढं ओढली आणि खाऊ लागली. सुरज खाऊ लागला. मल्हारच्या बहिणीनं त्याचा हात सोडला. कोंडिबा आप्पा टोपी घालून, कुणाला न सांगता, गाडी ढकलत फाटकापर्यंत गेले आणि तिथं जाऊन मग चालू केली.

मॅडमनी दुसरा घास घेतला नाही. पाणीही प्याल्या नाहीत. ऑफिसात जाऊन बसल्या. एक घास म्हणजे एक रोजा, तो नंतर भरून काढता येईल, असं त्या मनाशी म्हणत होत्या. तेवढ्यात प्रगती दारात आली. हात धुतलेले, फ्रॉकला पुसत होती.

"मॅडम, उद्या बी खाणार का?"

"आज खाल्लं की. आता कळलं ना, धुरपदाबाई चांगला करतात."

"आजचा चांगला व्हता," प्रगती म्हणाली. "उद्याचा उद्या शिजणार."

मॅडमना हसू आलं आणि लगेच गेलं. पोरगी बरोबर बोलत होती. कालच्या रानावरून आजचं रान ओळखता येत नाही. ही एका दिवसाची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या ओळीत बसल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही. पहाटे उठायच्या, दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, दुपारी एक घास खायच्या, आणि पुन्हा सूर्य मावळेपर्यंत काही नाही. तो रोजा नव्हता हे त्यांना माहीत होतं. पण रोजा नाही म्हणून जेवून घ्यावं हेही त्यांच्यानं होत नव्हतं. मौलानांना विचारायचं धाडस झालं नाही. झिशानला सांगितलं नाही. शाहिस्तानं एका संध्याकाळी इफ्तारला घरी बोलावलं. अजानच्या आधी सगळ्यांनी दुवासाठी हात उचलले, मॅडमनीही उचलले. काय मागावं ते सुचेना. सगळ्यांबरोबर त्यांनी खजूर तोंडात घातला. त्या घरात चिल्लीपिल्ली धरून सगळे दिवसभराचे उपाशी होते, आणि आपण तेवढ्या चोरून जेवून आलेल्या आहोत असं त्यांना वाटत राहिलं. त्यानंतर त्या शाहिस्ताकडं गेल्या नाहीत. बरं नाही म्हणून सांगितलं.

"चेहरा उतरलाय भाभी," शाहिस्ता भिंतीवरून म्हणाली. "या वयात रोजे सोसत नसतील तर सोडा. अल्लाला समजतं."

"सोसतात," मॅडम म्हणाल्या.

शनिवारी सर आले. सोमवारी त्यांनी सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अहो मॅडम, मी बसतो की ओळीत. मी खातो रोज. तुम्ही कशाला असं करता?"

ते बसले. चांगले दोन घास खाल्ले. बाकीची पोरं जेवली. त्यांचं तसंही पालीचं भय संपलं होतं. प्रगतीनं ताटली उचलली आणि ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"उपाशी ठेवा दोन दिवस," सर मागून म्हणाले. "अशानं ती कधी शिकणार नाही. तुम्ही दोन वर्षांनी रिटायर होणार. मग काय करेल?"

सरांचं खोटं नव्हतं. मॅडमनी त्यावर रात्रभर विचार केला. आणखी एक विचार त्यांना छळत होता, तो सरांना सांगण्यासारखा नव्हता. हे आपण पोरीसाठी करतोय की आपल्यासाठी? आपण जेवतो की नाही हे बघणारं या जगात दुसरं कोण आहे? झिशान फोनवर विचारतो, जेवलीस का. हो म्हटलं की पुढचं बोलतो. ही पोरगी हो म्हणून सोडत नाही. ती थांबते, बघते, आणि मग खाते.

सकाळी त्या शाळेत गेल्या आणि दुपारी पुन्हा ओळीत बसल्या.

रमजानचे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा एका दुपारी प्रगतीची जागा रिकामी राहिली. मॅडमनी ताटली घेतली होती. ती तशीच हातात धरून त्यांनी सुरजला विचारलं.

"वाडा उठला की मॅडम. काल दिस बुडताना. तुमाला न्हाई सांगितलं?"

संध्याकाळी त्या रानात गेल्या. जाळीच्या खुंट्यांची भोकं जमिनीत दिसत होती. लेंड्यांचा थर पडला होता आणि रानमालक पाण्याचा पाईप जोडत होता.

"कांदा संपला, पाणी बी आटलं. ती लोकं थांबत्यात व्हय. नदीकडं गेली, दौंडच्या अंगाला."

"पोरगी काही बोलली का?"

"पोरगी? ती म्होरं व्हती मेंढरांच्या. मी म्हनलं, शाळा कशी करशील गं. बोलली न्हाई. ती कुठं बोलती."

दुसऱ्या दिवशी मॅडम ओळीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. पोरं श्लोक म्हणून जेवायला लागली. कुणीही मान वर करून बघितलं नाही. अक्रमनं तेवढं बघितलं, आणि तो भात चिवडत खाली बघू लागला. राहिलेले रोजे मॅडमनी पूर्ण केले. ईदला झिशान बायकोला घेऊन आला, शिरखुर्मा खाऊन दुपारी परत गेला.

ईद झाल्यावर त्या सुटलेले रोजे भरून काढू लागल्या. आठवड्यात एखादा, कधी दोन. पहाटे आता पुकारा नसायचा. गल्ली झोपलेली असायची आणि एकट्या त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा. संध्याकाळी अजान व्हायची, पण ती रोजचीच. कुणाचा हात तोंडाकडं जात नसायचा. शाहिस्ताच्या घरात त्या वेळेला टीव्ही चालू असायचा.

ज्योतिबांचा नंबर शाळेत होता. बऱ्याचदा बंद लागायचा. एकदा लागला. पलीकडं वारा आणि मेंढरांचा आवाज. ज्योतिबा म्हणाले, घातलीय की शाळंत, तुमी तवा वाड्यावर सांगितलं व्हतं म्हणून घातलीय. मग फोन पोरीकडं गेला.

"मॅडम?"

"कशी आहेस गं? शाळा बरी आहे का?"

"बरी हाय."

"भात खातेस?"

मेंढरं तेवढी ओरडत होती.

"न्हाई," ती म्हणाली. "हितं सर हापिसात जेवत्यात."

मॅडमनी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर मिळवला. बोलायला भला माणूस होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बघतो मॅडम," ते म्हणाले. "पण मला शुगर आहे, भात चालत नाही. आणि पोरं किती, आम्ही किती. एकेकीच्या शेजारी कुठं बसणार? पण बघतो." मॅडमनी आभार मानले. त्यांना रागावण्यासारखं काही नव्हतं. दिवाळीच्या आधी त्या स्वतःही ऑफिसातच जेवत होत्या. पुढच्या वेळी ज्योतिबांचा फोन बंद लागला, आणि मग तसाच राहिला.

एप्रिलमध्ये दौंडला नणंद आजारी होती म्हणून मॅडम तिला बघायला गेल्या. त्या दिवशी रोजा होता. नणंदेच्या सुनेनं जेवायचा आग्रह केला. पोट बिघडलंय, त्या म्हणाल्या. चहा तरी, ती म्हणाली. चहाही नको म्हणाल्या. सुनेला ते लागलं हे त्यांना दिसलं, पण सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची.

परतीची एसटी चौफुल्याला भरली. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत गरम शेंगांची पुडी. बसल्या बसल्या तिनं पुडी पुढं केली.

"घ्या बाई."

"नको आजी. उपास आहे."

"शेंगा चालत्यात की उपासाला."

"आमच्यात नाही चालत. पाणीही नाही."

म्हातारीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "मुसलमानाच्या का तुमी? मंग तुमचा महिना तर झाला की. आमच्या शेजारनीनं शिरखुर्मा दिला व्हता."

"झाला."

"मंग ह्यो कशाचा?"

मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. पारगावचा पूल आला होता. खाली भीमेत पाणी कमी होतं आणि दोन्ही काठांना ऊस उभा होता.

"राहिला होता एक," त्या म्हणाल्या.

"उपास मागं ऱ्हातो व्हय?" म्हातारीनं शेंग फोडली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, फोडलेली शेंग पुडीत परत टाकून पुडी पिशवीत घातली. "आसंल. ज्येचं त्येला."

ती पूल ओलांडल्यावर फाट्याला उतरली. गाडी निम्मी रिकामी झाली. मॅडमशेजारची जागा न्हावऱ्यापर्यंत रिकामीच राहिली. सूर्य डाव्या हाताला उसाच्या शेंड्यांत गेला आणि तांबडं तेवढं मागं राहिलं. गाडीत अजान ऐकू येण्यासारखी नव्हती. त्यांनी घड्याळ बघितलं, पाकिटातून खजूर काढला आणि खात्री व्हावी म्हणून आणखी थोडं थांबल्या. कंडक्टर पुढं ड्रायव्हरशी बोलत होता. मागं एक माणूस खिडकीला डोकं लावून झोपला होता. त्यांनी पुटपुटत दुवा म्हटली आणि खजूर तोंडात घातला.

बी टाकायला खिडकी उघडेना. शिरूर येईपर्यंत त्यांनी ती मुठीत धरून ठेवली.